पेशी दुभंगायची वेळ कोण ठरवतं? (आत्याची गोळी, समुद्री साळिंदर आणि कायनेज)

ओहोटी (धागाकर्ती)

आत्याच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एकच कॅलेंडर आहे, पण त्यावर दोन हस्ताक्षरं नांदतात. पेन्सिलीतलं बारीक आतोबांचं: उधाण कधी, भांग कधी. लाल पेनाचं आत्याचं: २१ गोल, मग ७ फुल्या, पुन्हा २१ गोल. गोल म्हणजे गोळी घ्यायची, फुली म्हणजे नाही. स्तनाचा कॅन्सर, पसरलेला, पण सध्या आवाक्यात. गोळीचं नाव पाल्बोसिक्लिब, जोडीला रोज लेट्रोझोल.

गेल्या रविवारी गुहागरला गेले होते. आंबोळ्या घालता घालता आत्या म्हणाली, "तू कॉलेजात जीवशास्त्र शिकवतेस ना गो, मग ही गोळी नक्की काय करते ते मला समजेल असं सांग. डॉक्टर म्हणाले, ही केमो नव्हे, ही कुठल्याशा कायनेजला धरून ठेवते." मी तोऱ्यात सांगितलं, "एका पेशीच्या दोन होतात ना, त्याचं इंजिन बंद करते." तिने आंबोळी तव्यावरून काढली आणि विचारलं, "मग मध्येच सात दिवस इंजिन चालू करून द्यायचं, ह्यात शहाणपण काय?"

उत्तर आलं नाही. वीस वर्षं शिकवतेय आणि आलं नाही, म्हणून हा धागा.

मला जे माहीत आहे ते आधी सांगते. पेशीचं चक्र म्हणजे जी-१, एस, जी-२ आणि एम. वाढ, डीएनएची नक्कल, पुन्हा थोडी तयारी, आणि मग प्रत्यक्ष विभाजन. आपल्या पेशीला सगळं मिळून साधारण २४ तास, त्यातलं विभाजन जेमतेम एका तासाचं. मुलं ही नावं घडाघडा म्हणतात. एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात ढकलतं कोण, हे मात्र आम्ही दीड ओळीत उरकतो.

कायनेज म्हणजे एक प्रकारचं एन्झाइम. एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलनी नाणं) नावाच्या रेणूच्या टोकाचा फॉस्फेट काढायचा आणि दुसऱ्या एखाद्या प्रथिनावर चिकटवायचा, एवढंच काम. पण तेवढ्याने त्या प्रथिनाचा आकार बदलतो, झोपलेलं जागं होतं किंवा जागं झोपतं. चिकटवलेला फॉस्फेट उतरवणारे वेगळे, त्यांना फॉस्फटेज म्हणतात. ही चढउतार करता येते हे क्रेब्ज आणि फिशर यांनी १९५० च्या दशकात स्नायूंवर काम करताना दाखवलं, त्याचं नोबेल त्यांना १९९२ साली मिळालं. माणसाच्या जनुकसंचात अशी ५१८ कायनेजं मोजली गेली आहेत, ही मोजणी २००२ ची.

आता गंमत. हे वाचताना मला आपलं समुद्री साळिंदर भेटलं! ओहोटीला खडकातल्या डबक्यांत बसलेलं असतं तेच, काळं, काटेरी. टिम हंट नावाच्या शास्त्रज्ञाने १९८२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत साळिंदराच्या फलित अंड्यांत एक प्रथिन पाहिलं. ते हळूहळू साठत जातं आणि अंडं दुभंगायच्या थोडं आधी एकदम नाहीसं होतं. पुढच्या फेरीला पुन्हा साठतं, पुन्हा नाहीसं. भरती-ओहोटीच म्हणा की. त्याला २००१ चं नोबेल मिळालं.

म्हणजे कायनेज दर फेरीला नव्याने तयार होतं आणि काम झालं की मोडीत निघतं, असंच ना? तसं असेल तर आत्याचा प्रश्न आणखीच अवघड होतो, कारण सात दिवसांत नवं कायनेज तयार होणारच. जाणकारांनी बोलावं.

नाखवा

ओहोटीताय, माका शाळेत जीवशास्त्रात पस्तीस मार्क, पण तुमच्या आत्येचो प्रश्न बरोबर आसा. आमच्याकडे खडपात ते काटेवाले रगड. पायात काटो मोडलो की आठ दिस लंगडूचा. त्याच्यार कोणाक नोबेल गावला म्हंजे कमालच झाली.

पेट्रीडिश

छान धागा. पण एक मोठी गल्लत झाली आहे आणि सगळी मेख तिथेच आहे, म्हणून आधी ती सोडवतो. (मूळ देवगडचा, सध्या मुंबईत यीस्टवर काम करतो.)

हंटने पाहिलेलं ते प्रथिन कायनेज नव्हतं. ते सायक्लिन. सायक्लिनला स्वतःला फॉस्फेट चिकटवता येत नाही. तो कायनेजचा जोडीदार. कायनेज वेगळं, त्याचं नावच मुळी सायक्लिनवर अवलंबून असलेलं कायनेज, थोडक्यात सीडीके. आणि हे सीडीके पेशीत जवळजवळ सदासर्वदा सारख्याच प्रमाणात असतं. भरती-ओहोटी जोडीदाराची, कायनेजची नाही. ते बिचारं जोडीदार येईपर्यंत हातावर हात ठेवून बसलेलं असतं.

हंटचा प्रयोग फार साधा होता. अंडी फलित केली, पाण्यात किरणोत्सारी मेथिओनिन (प्रथिनं ज्या विटांनी बनतात त्यांतली एक) घातलं, म्हणजे नवं तयार होणारं प्रत्येक प्रथिन खुणेसह तयार होईल. मग दर दहा मिनिटांनी थोडी अंडी काढायची आणि त्यांतली प्रथिनं जेलवर आकारानुसार पसरून फिल्मवर पट्टे पाहायचे. बाकीचे सगळे पट्टे वेळेबरोबर गडद होत गेले. एक पट्टा गडद झाला आणि मग पुसला गेला.  पेशी एखादं प्रथिन दर फेरीला असं वेळ साधून, एकदम मोडते, हे अनपेक्षित होतं. १९८३ साली त्यांनी ते छापलं. वुड्स होलला त्याच सुमारास शिंपल्यांच्या अंड्यांतही तीच चाल दिसली. आपल्या तिसऱ्यांच्या लांबच्या भाऊबंदांत.

ओहोटी

बरं झालं इथे विचारलं, वर्गात हेच ठोकून दिलं असतं. वरचं लिखाण बदलत नाही, लोकांना चूक दिसू दे. पण मग या दोघांची गाठ कोणी घालून दिली? साळिंदरात तर फक्त सायक्लिन सापडलं.

पेट्रीडिश

तीन ठिकाणी तीन माणसं एकाच हत्तीला चाचपत होती.

एक बेडकाकडे. १९७१ साली मासुई आणि मार्कर्ट यांनी परिपक्व झालेल्या अंड्यातला द्रव काढून कच्च्या अंड्यात टोचला. कच्चं अंडं विभाजनाच्या तयारीला लागलं. द्रवात काहीतरी आहे एवढं कळलं, त्याला एमपीएफ असं मोघम नाव दिलं. ते शुद्ध स्वरूपात हाती यायला १९८८ उजाडलं.

दुसरे लेलंड हार्टवेल, पावाच्या यीस्टकडे. हे यीस्ट दुभंगत नाही, त्याला कळी फुटते. कळी किती मोठी यावरून पेशी चक्रात कुठे आहे ते नुसत्या डोळ्यांनी, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून, सांगता येतं. हार्टवेलनी असे बिघडलेले वाण शोधले जे गार ठेवले तर नीट वाढतात आणि ऊब दिली की सगळेच्या सगळे एकाच टप्प्यावर अडकतात. एका वाणाच्या सगळ्या पेशी बिनकळीच्या, दुसऱ्याच्या सगळ्या मोठ्या कळीच्या. जिथे अडकल्या तिथलं जनुक बिघडलेलं. साधी वाटणारी युक्ती, पण चक्राचा अख्खा नकाशा तिच्यातून निघाला.

तिसरे पॉल नर्स, एडिंबरोला, दुसऱ्या यीस्टवर. हे शिझोसॅकरोमायसिस पॉम्बे. पॉम्बे म्हणजे स्वाहिलीत बिअर, कारण १८९३ साली ते पूर्व आफ्रिकेतल्या बिअरमधून मिळालं. हे कांडीसारखं असतं, लांब होतं आणि मधोमध तुटतं. नर्सना त्यात एक वाण मिळाला ज्याच्या पेशी पुरेशा वाढायच्या आधीच घाईने तुटायच्या, म्हणून बुटक्या. स्कॉटलंडच्या बोलीत लहानग्याला 'वी' म्हणतात, म्हणून जनुकाचं नाव 'वी-१'.

नाखवा

आमच्याकडे सापाडला असता तर 'बारको-१' म्हटला असता.

पेट्रीडिश

नाखवा, तेच नाव आता प्रयोगशाळेत चालवतो!

तर वी-१ हेही एक कायनेजच निघालं. आणि ते सीडीकेवर फॉस्फेट चिकटवून त्यालाच गप्प करतं. म्हणजे कायनेज म्हणजे चालू करणारं असं नाही. एक कायनेज दुसऱ्याला कुलूप लावतं. कुलूप उघडतो सीडीसी-२५ नावाचा फॉस्फटेज. वी-१ नसेल तर कुलूपच नाही, पेशी वाढायच्या आधी तुटते.

१९८७ चा प्रयोग मला सगळ्यात आवडतो. सीडीके बिघडलेलं, मरायला टेकलेलं यीस्ट घेतलं आणि त्यावर माणसाची जनुकं विखरून टाकली. बहुतेक पेशी मेल्या. एक वसाहत वाढली. तिच्यात माणसाचं सीडीके गेलं होतं आणि ते यीस्टचं काम बिनतक्रार करत होतं. आपले आणि यीस्टचे पूर्वज शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झालेत, तरी सुटा भाग बसला.

पुढच्याच वर्षी एमपीएफ शुद्ध झालं तेव्हा त्यात दोन तुकडे मिळाले. एक हे सीडीके. दुसरा सायक्लिन. बेडूक, यीस्ट, साळिंदर एका टेबलावर आले. २००१ चं नोबेल म्हणूनच तिघांत: हार्टवेल, हंट, नर्स. मासुईंना वाटा मिळाला नाही, ते माझ्या मनाला अजून खटकतं.

आगरवाला

यीस्ट म्हणताय तर आमचा शेर. माडावरून सकाळी उतरवलेली माडी दुपारपर्यंत फेसाळते ती याच मंडळींमुळे. पुतण्याला बारावीच्या प्रकल्पासाठी थेंबभर माडी काचपट्टीवर घालून दिली होती. अंडाकृती दाणे, कुणाच्या खांद्यावर बारीक टाचणीच्या डोक्याएवढी कळी, कुणाची कळी आईच्या निम्म्याने. मी म्हटलं बाळंतीणच दिसतेय. सरांनी पाच मिनिटं पाहिलं आणि उरलेल्या बाटलीची चौकशी केली.

खारेपाट

पेणकडचा. पेट्रीडिश, एक शंका. सायक्लिन हळूहळू साठतं म्हणता, मग विभाजन हळूहळू का होत नाही? अर्धं सायक्लिन साठलं तर पेशी अर्धी दुभंगायला हवी.

माझ्या डोक्यात आमची उघाडी आली. खारजमिनीच्या बांधाला फळीची झडप असते. ओहोटीला आतलं पाणी रेटतं, झडप उघडते. भरतीला बाहेरचं पाणी रेटतं, झडप आपोआप बंद. सीडीके तसंच का?

पेट्रीडिश

प्रश्न अचूक, उपमा जवळपास. उघाडी ज्या पातळीला उघडते त्याच पातळीला मिटते. पेशीचं तसं नाही.

खारेपाटात बांधाला खांड जाते ती कशी जाते आठवा.

खारेपाट

आलं लक्षात! खेकड्याच्या बिळातून आधी करंगळीएवढी धार येते. धार माती खाते, भोक मोठं होतं, मोठ्या भोकातून जास्त पाणी, ते आणखी माती खातं. संध्याकाळी पाहावं तर बैलगाडी जाईल एवढी खांड. लहानपणी एकदा आमचं अख्खं भात असंच खारं झालं. रात्रभर बापाने गोणी टाकल्या, पण पाण्याचा लोंढा कमी झाल्याशिवाय खांड बुजत नाही.

पेट्रीडिश

हीच ती चाल, आणि शेवटचं वाक्य तर लाखाचं.

सायक्लिन-बी (सायक्लिनचा विभाजनाच्या वेळचा प्रकार) साठत जातो, सीडीके-१ ला (आतापर्यंत नुसतं सीडीके म्हटलं ते हेच) चिकटतो, पण वी-१ ने कुलूप लावलेलं असतं. म्हणजे भरलेल्या, कुलूपबंद जोड्यांचा साठा वाढतोय. मग थोड्याशा जोड्या सुटतात. सुटलेलं सीडीके दोन गोष्टी करतं: कुलूप उघडणाऱ्या सीडीसी-२५ ला फॉस्फेट लावून जोर देतं आणि कुलूप लावणाऱ्या वी-१ ला फॉस्फेट लावून लुळं करतं. त्यामुळे आणखी जोड्या सुटतात, त्या आणखी सोडवतात. काही मिनिटांत सगळी फौज मोकळी. साठणं संथ, फुटणं एकदम.

आणि खांड बुजायचं तुम्ही म्हणालात तेच इथेही. विभाजन सुरू व्हायला सायक्लिनची जी पातळी लागते, ती चालू राहायला लागणाऱ्या पातळीपेक्षा बरीच वरची असते. एकदा पलीकडे गेलं की जराशा घटीने पेशी मागे फिरत नाही. नोव्हाक आणि टायसन यांनी १९९३ साली हे आधी गणिताने मांडलं, बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात प्रत्यक्ष दिसलं २००३ साली.

सुटलेलं सीडीके-१ काय करतं? केंद्रकाच्या आवरणाला आतून जे जाळं धरून ठेवतं त्यावर फॉस्फेट लावतं, जाळं विरघळतं, आवरण फुटतं. गुणसूत्रं घट्ट वळवणाऱ्या प्रथिनांना जागं करतं. एकाच कायनेजची सही शेकडो कागदांवर.

आणि काम उरकलं की सायक्लिनला युबिक्विटिन नावाची चिठ्ठी चिकटते आणि तो पेशीच्या कचरायंत्रात जातो. हंटचा पुसलेला पट्टा तो हाच. ही चिठ्ठी लावणाऱ्या यंत्रणेला सीडीके-१ च कामाला लावतं, म्हणजे स्वतःच्या जोडीदाराच्या मोडीचा हुकूम त्याचा स्वतःचाच.

सुखदा_र

माहितीपूर्ण धागा! ओहोटी, आत्यांना लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा देऊन पाहा. व्हॉट्सॲपवर आलंय, केमोपेक्षा दहा हजार पट प्रभावी. नुकसान तर काही नाही.

औषधवाला

सुखदाताई, राग मानू नका, पण नुकसान असू शकतं. चिपळूणला माझं मेडिकल आहे, हे मेसेज घेऊन रोज कोणीतरी येतं. प्रयोगशाळेतल्या ताटलीत पेशी मेल्या म्हणून माणसात काम होतं असं नाही, ताटलीत तर मीठही पेशी मारतं. आणि कायनेजच्या गोळ्या यकृतात ज्या एन्झाइमने मोडतात, त्याच्या वाटेत काढे आले तर गोळीचं रक्तातलं प्रमाण बदलतं. डॉक्टरांना सांगितल्याशिवाय काहीही नको.

आत्यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तो अजून कोणी घेतलाच नाही.

पाल्बोसिक्लिब सीडीके-१ ला नव्हे, सीडीके-४ आणि सीडीके-६ ला अडवतं. हे दोघे फार आधीच्या दारावर असतात, जी-१ मध्ये, पेशीने दुभंगायचं की नाही हा निर्णय जिथे होतो तिथे. तिथे आरबी नावाचा रखवालदार ई-२-एफ नावाच्या प्रथिनाला धरून बसलेला असतो. ई-२-एफ सुटला की डीएनएची नक्कल करायचा सगळा सरंजाम तयार होऊ लागतो. सायक्लिन-डी ची साथ मिळाली की सीडीके-४ आणि ६ आरबीवर फॉस्फेट लावतात, रखवालदाराची पकड सुटते. स्तनाच्या ज्या कॅन्सरला इस्ट्रोजेनची चटक असते, तिथे इस्ट्रोजेनच सायक्लिन-डी वाढवत राहतं. गोळी काय करते? सीडीकेच्या ज्या खोबणीत एटीपी बसायला हवा, त्या खोबणीत स्वतः जाऊन बसते. फॉस्फेटच नाही तर चिकटवणार काय.

आता सात दिवस. हाडांच्या मगजात पांढऱ्या पेशी सतत तयार होत असतात आणि त्यांच्या आईपेशी सीडीके-६ वर अवलंबून असतात. गोळी कॅन्सरची पेशी ओळखत नाही, दार ओळखते. त्यामुळे एकवीस दिवसांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी उतरतात. पण जुन्या केमोत मगजातल्या पेशी मरतात, इथे त्या बहुतांशी नुसत्या थांबतात. गोळी बंद केली की काही दिवसांत पुन्हा चालू. ती सुट्टी मगजासाठी आहे. म्हणूनच रक्ताचा रिपोर्ट पाहून पुढचा डबा देतात.

आणि त्या सात दिवसांत कॅन्सरला रान मोकळं नसतं. लेट्रोझोल रोज चालूच असतं, ते इस्ट्रोजेनची रसद तोडतं. एक पहारेकरी जेवायला गेला तरी दुसरा दारात आहे. याच घराण्यातलं अबेमासिक्लिब मात्र बिनसुट्टीचं रोज घेतात, त्यात पांढऱ्या पेशी तुलनेने कमी उतरतात, जुलाब मात्र होतात.

अमेरिकेत पाल्बोसिक्लिबला परवानगी मिळाली २०१५ साली. आपल्याकडे २०२३ मध्ये पेटंट संपलं आणि देशी गोळ्या आल्या. त्याआधी किंमत ऐकून काउंटरवरून परत फिरणारी माणसं मी पाहिली आहेत. नुसतं "बघतो" म्हणायची आणि पुन्हा यायची नाहीत.

ओहोटी

औषधवाला, हे मी आजच आत्याला फोनवर वाचून दाखवते. ही वाक्यं तुमचीच राहतील.

चाकरमानी_परळ

एक बारीक प्रश्न. माझ्या काकूलाही हीच गोळी आहे. पाकिटातल्या कागदावर ग्रेपफ्रूट खाऊ नये असं लिहिलंय. आपल्याकडे कोण खातं ते? की पपनस पण त्यात आलं? गणपतीत आमच्याकडे माटवीला पपनस टांगलेलं असतं आणि विसर्जनानंतर सगळे मिळून खातात.

औषधवाला

फार चांगला प्रश्न, बहुतेक डॉक्टरांना सुचत नाही. ग्रेपफ्रूट म्हणजे पपनस आणि संत्र्याचा संकर. ज्या रसायनांमुळे गोळी मोडणारं ते एन्झाइम बंद पडतं, ती पपनसातही असतात. टांगायला हरकत नाही. काकूंना फोडी देऊ नका, आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

घाटमाथा

या धाग्यात सह्याद्रीचं नाव कोणीच काढलं नाही, म्हणून लिहितो. वनस्पतिशास्त्राचा माणूस आहे.

माणसांवर चाचणीला गेलेलं पहिलं सीडीके-रोधक औषध फ्लावोपिरिडॉल. त्याचं मूळ आपल्याच झाडात आहे. पश्चिम घाटाच्या दाट जंगलात कडुनिंबाच्या कुळातलं डायसॉक्सिलम नावाचं उंच झाड असतं. मुंबईत हेक्स्ट कंपनीच्या संशोधकांनी त्याच्या सालीतून रोहितुकिन नावाचं रसायन काढलं, १९८८ साली ते छापून आलं. ते शोधत होते सूज उतरवणारं औषध, कायनेजचा विचारही नव्हता. त्या रेणूची डागडुजी करून फ्लावोपिरिडॉल बनवलं आणि मग लक्षात आलं की हे सीडीकेच्या एटीपीच्या खोबणीत बसतं.

१९९० च्या दशकात चाचण्या झाल्या, पण नेहमीच्या वापरात ते आलं नाही. एका सीडीकेला धरायचं तर ते चार-पाच सीडीकेंना एकदम धरत होतं, त्यामुळे निरोगी पेशींनाही सोसेना. पाल्बोसिक्लिबचं यश नेमकं इथे आहे की ते फक्त चार आणि सहालाच धरतं.

असं झाड दिसलं तर साल ओरबाडायला जाऊ नका बरं का. मागणीची आवई उठली की काय होतं ते अमृता नावाच्या झाडाचं झालेलं पाहिलंय. कॅन्सरवरच्या औषधासाठी घाटातली किती झाडं गेली!

नाखवा

माका एक सांगा. होडी खाडीत बांधताना आमी दोनय बाजूंनी दोर घालतो. दोनय दोर ताठ झाले की होडी जाग्यार. एक सैल रवलो की ती फिरता, मगे सोडून परत बांधूचो लागता. पेशी दोन झाल्यार सामान अर्धा अर्धा जाता ह्या कोण बघता?

पेट्रीडिश

नाखवा, तुम्ही पस्तीस मार्कांचं खोटं सांगताय.

प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती. प्रत्येक प्रतीला एकेका टोकाकडून दोर यायला हवा. दोन्ही दोर ताठ म्हणजे बांधणी बरोबर. दोन्ही दोर एकाच टोकाकडून आले तर ताण पडत नाही, सैल. तिथे ऑरोरा-बी नावाचं कायनेज बसलेलं असतं. दोर सैल असेल तर तो जिथे बांधलाय त्या प्रथिनावर फॉस्फेट लावतं आणि गाठ सोडवतं. पुन्हा बांधा. ताण आला की गाठ ऑरोराच्या हातापासून लांब ओढली जाते, फॉस्फेट लागत नाही, गाठ टिकते. अगदी तुमची होडी.

आणि एकही गुणसूत्र बांधायचं राहिलं असेल तर एमपीएस-१ हे दुसरं कायनेज थांबा म्हणून बावटा वर करतं. सेहेचाळीसपैकी पंचेचाळीस तयार असली तरी पेशी शेवटच्या एकासाठी थांबते. डीएनए तुटला असेल तर एटीएम, एटीआर आणि त्यांच्या हाताखालची सीएचके ही कायनेजं सीडीसी-२५ ला अडवतात, म्हणजे वी-१ चं कुलूप उघडतच नाही. चक्र चालवणारं कायनेज एकच घराणं, आणि अडवायला ही एवढी. कॅन्सरमध्ये बऱ्याचदा बिघडतं ते अडवणाऱ्यांच्या बाजूचं.

ओहोटी

तीन आठवड्यांनी वर आणतेय धागा, कारण सांगण्यासारखं घडलं.

नाखवांनी व्यक्तिगत निरोपातून सांगितलं होतं की अवसेला दुपारी बाराच्या सुमारास भरती, म्हणजे सुकती सकाळी सहाला. गेल्या अमावस्येला उजाडता उजाडता चार मुलींना घेऊन खडपात उतरले. तीन साळिंदरं बादलीत आणली. कॉलेजातून पोटॅशियम क्लोराइड आणि सूक्ष्मदर्शक घेतला आणि थेट आत्याच्या पडवीत मांडला. बाहेरून नर-मादी कळत नाही. तोंडाजवळच्या मऊ भागात थोडं द्रावण टोचलं. दोघांतून दुधासारखं पांढरं आलं. तिसऱ्यातून बारीक रव्यासारखी पिवळट अंडी सांडायला लागली. नशीबच.

एक थेंब मिसळला. मिनिटाभरात अंड्याभोवती पापुद्रा उठला, पापड तव्यावर फुगावा तसा. मग बराच वेळ काही नाही. मुली कंटाळून अंगणात गेल्या. आतोबांनी चहा केला. तासाभराने मी डोळा लावला तर एका अंड्याच्या कमरेला चिमटा बसला होता. "आत्या, ये!" ती चष्मा वर सारून वाकली. बराच वेळ वर आली नाही.

मग म्हणाली, "दोन झाले गो. भांडण नाही, तंटा नाही, सरळ वाटणी." आणि लगेच पुढचा प्रश्न, "माझी गोळी ह्या वाटीत टाकली तर हे थांबेल?"

पेट्रीडिश, हे मात्र तुम्हीच सांगा.

पेट्रीडिश

बहुधा नाही, आणि कारण गमतीचं आहे. सुरुवातीच्या अंड्याला जी-१ जवळजवळ नसतोच. आईने डब्यात सगळं भरून दिलेलं असतं, वाढायचं नाही, विचारायचं नाही, नुसती नक्कल आणि वाटणी, नक्कल आणि वाटणी. आरबीचं दार आणि त्यावरचे सीडीके-४ वगैरे साळिंदरात नंतर, पेशींचा पोकळ चेंडू होतो त्या सुमारास लागायला लागतात. गोळी ज्या दाराची, ते दार वाटीतल्या अंड्याला अजून बसवलेलंच नाही. सीडीके-१ ला धरणारं काही टाकलं असतं तर थांबलं असतं.

ओहोटी

वाचून दाखवलं. आत्या म्हणाली, मग राहू दे, गोळी महाग आहे. कॅलेंडरवर आज सोळावा गोल. मागच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या, सुट्टीनंतर वर आल्या.

नाखवा

बरा झाला. साळिंदरा परत सोडलास मां?

ओहोटी

हो, संध्याकाळच्या सुकतीला. त्याच डबक्यात. एकाने जाता जाता माझ्या अंगठ्यात काटा ठेवलाय.